घरी भुयाराचा गेम बनवताय? मग या चुका टाळा

गेली सात वर्षं मी घरी मिनिएचरचे गेम बनवतेय. टेबलावर भुयार मांडायचं, त्यात बोटाच्या पेराएवढे योद्धे फिरवायचे, दार उघडायचं आणि आत जे निघेल त्याच्याशी लढायचं, ज्याला डंजन क्रॉल म्हणतात तो प्रकार. भिंती, दारं, खांब, पायऱ्या सगळं हातानी केलेलं. ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या मुलांना आता माहीत झालंय की ही ताई असलं काहीतरी करते, त्यामुळे दर महिन्याला कोणीतरी फोटो पाठवतं आणि खाली विचारतं, ताई हे असं का झालं? खरं सांगते, फोटो उघडायच्या आधीच मला अंदाज असतो काय झालं असणार, कारण चुका त्याच त्याच आहेत. म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

माझा सध्याचा गेम देवगिरीच्या अंधारीवर बेतलाय. दौलताबादचा किल्ला पाहिलाय त्यांना आठवत असेल, खंदकावरचा पूल ओलांडला की पुढे कातळात कोरलेला तो वळणावळणाचा काळाकुट्ट मार्ग, हाताला भिंत लागते पण डोळ्याला काही दिसत नाही, पायऱ्या एकसारख्या नाहीत आणि वटवाघळांचा उग्र वास नाकात भरलेला. वरच्या तोंडाशी शेगडी पेटवून शत्रूवर धूर सोडायची सोय होती असं सांगतात. इतकं भारी भुयार आपल्याकडे खरोखर असताना डंजन म्हटल्यावर सगळेजण परदेशी गढ्याच का बनवायला घेतात हे मला कळत नाही, पण तो ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे. चुकांकडे येते.

न खेळलेला गेम बांधायला घेणं

ही माझ्या मते सगळ्या चुकांची आई, आणि ही मी स्वतः पुरेपूर केलेली आहे. पहिला गेम मी जुलैत सुरू केला आणि दिवाळीच्या सुट्टीत आत्याची मुलं येणार होती तेव्हा खेळायचा असं ठरवलं. चार महिने रोज रात्री जेवण झालं की फोम कापायचा, एकेक दगड बॉलपेननी कोरायचा, अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा त्यावर दाबून खडबडीत करायचा. भिंती मी ६० मिलिमीटर उंच केल्या होत्या, कारण योद्धा २८ मिलिमीटरचा, मग भिंत त्याच्या दुप्पट हवी ना, भुयार भुयारासारखं दिसायला हवं. बोळ एक इंच रुंद, म्हणजे एका चौकोनाचा. फोटोत ते इतकं सुंदर दिसत होतं की मी तो फोटो दोन वर्षं मोबाईलच्या स्क्रीनवर ठेवला होता.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजण टेबलाभोवती बसलो. पहिल्याच खेळीत माझ्या आत्तेभावानी त्याचा धनुर्धारी पुढे सरकवायला हात घातला आणि त्याची दोन बोटं बोळात शिरेनात. एक इंच रुंद आणि सव्वादोन इंच खोल खाचेत मोठ्या माणसाची चिमूट जात नाही, हे मला चार महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं, कारण मी बांधताना योद्धे वरून अलगद ठेवून फोटो काढत होते, ते हलवत नव्हते. त्यानी पेन्सिलीनी ढकलायचा प्रयत्न केला, भाला भिंतीत अडकला, भिंत सुटली. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या बहिणीला तिचा स्वतःचा योद्धा दिसतच नव्हता, ती प्रत्येक खेळीला खुर्चीवरून उठून उभी राहत होती. अर्ध्या तासात सगळेच उभे.

आणि हे कमी म्हणून की काय, लढाई संपेना. माझा नियम असा होता, सहा बाजूंचा फासा, ४ किंवा जास्त पडला की वार बसला, मग समोरच्यानी फासा टाकायचा आणि त्याला ४ किंवा जास्त पडला की वार अडवला. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. आता हिशेब करा. वार बसायची शक्यता अर्धी, अडवला न जाण्याची अर्धी, म्हणजे प्रत्यक्ष जखम होणार चारात एकदा. प्रत्येक राक्षसाला मी ३ प्राण दिले होते, म्हणजे एक राक्षस मारायला सरासरी १२ वार. चार योद्धे, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकावरच तुटून पडलं तरी तीन फेऱ्या. खोलीत पाच राक्षस, झाल्या पंधरा फेऱ्या. आमची एक फेरी साधारण पाच मिनिटांची होती, म्हणजे एका खोलीला सव्वा तास, आणि माझ्या भुयारात नऊ खोल्या होत्या. दुसऱ्या खोलीच्या दारात असताना आत्यानी फराळाला हाक मारली आणि त्यानंतर कोणीही परत येऊन बसलं नाही. मुलं समजूतदार होती, कोणी काही बोललं नाही, छान केलंयस म्हणाले. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आणि ती आजतागायत मोडलेली नाही. फोमला हात लावायच्या आधी गेम किमान तीनदा कागदावर खेळायचा. चार्टपेपरवर पट्टीनी चौकोन आखायचे, काळ्या सोंगट्या राक्षस, पांढऱ्या सोंगट्या योद्धे, क्वीन म्हणजे जे काही शोधायचंय ते. कॅरम घरोघरी असतो. दारं म्हणजे आगपेटीच्या काड्या. एक संध्याकाळ लागते आणि त्या एका संध्याकाळी जे कळतं ते चार महिने फोम कापून कळत नाही, कुठली खोली कंटाळवाणी आहे, कुठे सगळे एकाच दारात तुंबतात, कुठे राक्षस जास्त झाले. माझे आताचे साधे राक्षस एक प्राणाचे आहेत आणि त्यांना वार अडवताच येत नाही, ४ पडला की गेले. पाच राक्षस म्हणजे सरासरी दहा वार, अडीच फेऱ्या. फक्त खोलीचा जो म्होरक्या असेल त्याला तीन-चार प्राण आणि अडवण्याचा फासा, कारण तिथे लढाई लांबलेली लोकांना आवडते.

तीनदा खेळा म्हटलं की नवीन मुलं हमखास विचारतात, एकदा खेळून नाही का चालणार? नाही चालणार. पहिल्यांदा नियम समजण्यातच जातो, दुसऱ्यांदा नियम दुरुस्त होतात, खरा गेम तिसऱ्यांदा दिसतो.

भिंतींचं म्हणाल तर आता मी १५ मिलिमीटरच्या वर जात नाही. योद्ध्याच्या कमरेइतकी भिंत. डोळा बाकीची भिंत आपोआप पूर्ण करून घेतो, दोन मिनिटांत कोणाच्या लक्षातही राहत नाही की भिंत बुटकी आहे. १९८९ साली आलेला हिरोक्वेस्ट बघा, या प्रकारातला गाजलेला गेम, त्यात भिंती बोर्डावर नुसत्या छापलेल्या आहेत, उभं आहे ते फक्त दारं, टेबलं, कपाटं, पेट्या असलं सामान. आणि तरी खेळताना आपण भुयारात आहोत असं वाटतं, कारण दार उघडतं आणि सामान दिसतं. मेहनत घ्यायची तर दारावर घ्या, भिंतीवर नको.

चौकोनाचं माप

सगळे एक इंचाचा चौकोन धरतात. योद्ध्याचा बेस, म्हणजे त्याच्या पायाखालची चकती, २५ मिलिमीटर, इंच म्हणजे २५.४, कागदावर मावतो. पण मग त्याच चौकोनाच्या कडेवर आतल्या बाजूनी ८ मिलिमीटर जाडीची भिंत चिकटवली की उरले १७, आणि बेस भिंतीवर तिरका चढून बसतो. भिंत चौकोनाच्या बाहेर लावायची, टाइल, म्हणजे भुयाराचा एकेक सुटा तुकडा, कापतानाच तेवढी जागा जास्त धरायची. मी तर चौकोनच ३० मिलिमीटरचा करते, शेजारी शेजारी दोन योद्धे उभे राहिले तर तलवारी एकमेकांत अडकत नाहीत.

पायऱ्यांचीही तीच गत. २८ मिलिमीटरचा योद्धा म्हणजे साधारण १:६० चं प्रमाण, त्या हिशेबानी खरी एक फूट खोल पायरी टेबलावर ५ मिलिमीटरची होते, आणि ५ मिलिमीटरवर कोणी उभं राहू शकत नाही. अंधारीचा जिना मी आधी प्रमाणात केला होता, दिसायला फार देखणा, पण पहिला योद्धा ठेवला तो खाली घरंगळला. आता दर पायरी ३० मिलिमीटर खोल आणि ६ मिलिमीटर उंच, जिन्यापेक्षा घाटासारखी दिसते, पण त्यावर लढता येतं.

फोमवर थेट स्प्रे मारणं

महिन्याला एक तरी फोटो या चुकीचा येतो. सुंदर कोरलेली भिंत, आणि त्यावर खड्डे खड्डे, कडा आत ओढल्यासारख्या, जणू गरम तव्यावर प्लॅस्टिकची पिशवी पडली. स्प्रे पेंटमधलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारं द्रव्य, थर्माकोलला आणि रंगीत एक्सपीएस फोमलाही (दाणे नसलेला घट्ट फोम) खातं, दोन्ही पॉलिस्टायरिनच आहेत. "पण दादांनी लांबून मारला होता" किंवा "एकच पातळ हात दिला होता" याला काही अर्थ नाही, खातं म्हणजे खातंच, लांबून मारलं तर हळू खातं.

उपाय स्वस्त आहे आणि घरातच आहे. लाकडाचा पांढरा फेविकॉल, काळा अॅक्रिलिक रंग आणि थोडं पाणी, साधारण ताकापेक्षा दाट असं मिश्रण करायचं आणि ब्रशनी पूर्ण भिंतीला लावायचं. वाळू द्यायचं. परत लावायचं. कोपरे, खाचा, खालची कड, सगळीकडे. त्यानी फोमला कातडी येते, मग तो बोटाच्या नखानी दबत नाही आणि काळा बेसकोटही आयताच होतो. हे करून झालं की माझ्या मते स्प्रेची गरजच उरत नाही, त्यामुळे मी टेरेनला, म्हणजे भिंती-खांब-पायऱ्यांना, स्प्रे लावतच नाही.

फेविक्विकही फोमला खातं. फेविबॉन्डसारखे वासाचे गोंदही खातात. फोमला फेविकॉल, आणि वाळेपर्यंत टाचण्या टोचून ठेवायच्या. रात्रभर. हेअर ड्रायर फिरवून वाळवू नका, वरची साय वाळते आणि आत दोन फोमच्या मधे फेविकॉल दोन दिवस ओलाच राहतो, कारण त्याला हवाच मिळत नाही.

साधं थर्माकोल शक्यतो घेऊच नका, दाणे सुटतात आणि त्यावर दगड कोरता येत नाही. २०१८ ची बंदी आल्यापासून सजावटीचं थर्माकोल दुकानात तसंही पूर्वीसारखं दिसत नाही. एक्सपीएस गच्चीच्या उष्णतारोधक कामाला वापरतात, जिथे असं काम चालू असेल तिथे विचारलं तर उरलेले तुकडे लोक आनंदानी देतात, मी माझी पहिली दोन वर्षं तशाच तुकड्यांवर काढली. आणि हो, गरम तारेनी फोम कापत असाल तर खिडकीत बसा, पंखा बाहेरच्या दिशेनी लावा, तो धूर छातीत घ्यायचा नाही, दार लावून एसीत बसून तर अजिबात नाही.

कटरचं पातं बोथट झालं की बदला. फोम फाटायला लागला की पातं गेलं, तुमचा हात वाईट नाही.

पावसाळ्यात व्हार्निश

आता हे जरा सविस्तर सांगते, कारण याचा उपाय कोणी मला वेळेवर सांगितला असता तर माझे दोन महिने वाचले असते.

अंधारीचा गेम करताना मी २२ मिनिएचर रंगवले होते. त्यात एक मशालवाला होता, त्याच्या अंगरख्याचा लाल रंग मी चार थरांत चढवला होता, घडीच्या आत काळपट, वर डाळिंबाच्या दाण्यासारखा, आणि मशालीच्या बाजूच्या खांद्यावर केशरी उजेड. त्या एका खांद्याला तीन रात्री गेल्या. जुलैचा महिना होता, पाऊस नुकताच थांबला होता, संध्याकाळी पाच वाजता जरा उघडीप मिळाली म्हणून मी सगळे मिनिएचर पुठ्ठ्यावर ओळीनी लावून गॅलरीत नेले आणि मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या व्हार्निशचा स्प्रे मारला. आत आणून ठेवले, चहा केला, आणि परत येऊन बघते तर सगळ्यांवर पांढरं धुकं. मशालवाल्याचा लाल अंगरखा खडूची भुकटी झटकल्यासारखा झाला होता. बोटानी पुसून बघितलं, जाईना, कारण ते वर नव्हतंच, व्हार्निशच्या थराच्या आत होतं.

होतं असं की स्प्रेमधलं सॉल्व्हंट झपाट्यानी उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर बाष्प जमतं आणि वाळणाऱ्या थरात अडकतं. बर्फाच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच, फक्त इथे ते पाणी आत कोंडलं जातं. डबा नीट हलवला नाही किंवा फार लांबून मारला तरी भुरभुरीत पांढरेपणा येतो, पण तो वेगळा, तो हाताला खरखरीत लागतो.

मी घाबरून त्याच संध्याकाळी त्यावर अजून एक मॅटचा हात मारला, म्हणजे दुसरी चूक. अजून पांढरं झालं. मग दोन दिवस काहीच केलं नाही, आणि तेच सगळ्यात शहाणपणाचं ठरलं. नंतर ब्रशनी ग्लॉस व्हार्निशचा पातळ हात दिला, एकावर आधी, पाठीमागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी. धुकं बरंचसं निघालं, रंग परत दिसायला लागला, नुसतं चकचकीत झालं. ते पूर्ण वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी, ब्रशनीच लावायचं मॅट. २२ पैकी १४ चांगले परत आले. सहा बरे म्हणण्यासारखे. मशालवाला आणि एक भालदार परत रंगवावे लागले, आणि दुसऱ्यांदा तो खांदा पहिल्यासारखा नाही उतरला, मला अजून दिसतं ते.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर माझ्या घरात स्प्रेचा डबा कपाटाबाहेर येत नाही. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर ऑक्टोबरही जपून. ब्रशनी लावायचं पाण्यातलं अॅक्रिलिक व्हार्निश वर्षभर चालतं, फक्त फार घोळवायचं नाही, नाहीतर फेस येतो आणि बुडबुडे तसेच वाळतात. आणि कधीही, उन्हाळ्यातसुद्धा, सगळे मिनिएचर एकदम व्हार्निश करू नका. एक करा, तासभर थांबा, बघा, मग बाकीचे. हा एक तास वाचवायला जाणाऱ्यांचे फोटो माझ्याकडे भरपूर आहेत.

दगडाचा रंग

काळा बेसकोट, त्यावर एकच करडा रंग ट्यूबमधून काढला तसा, आणि झालं. मग भिंत सिमेंटच्या ठोकळ्यासारखी दिसते आणि विचारतात दगड का नाही वाटत. सह्याद्रीचा दगड बघा कधी नीट. बेसॉल्ट नुसता करडा नसतो, त्यात तपकिरी असतो, कुठे जांभळट झाक, पाणी झिरपतं तिथे काळे ओघळ, पावसाळ्यानंतर शेवाळाची पट्टी आणि उन्हाळ्यात तीच वाळून पांढुरकी. कोकणातला किल्ला करत असाल तर जांभा, तो तांबडा आणि छिद्राछिद्रांचा, त्याला बॉलपेनच्या टोकानी टोचे द्या. मी करड्यात थोडा बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, मिसळते आणि दहातले दोन-तीन दगड मुद्दाम वेगळ्या छटेचे करते.

मग ड्रायब्रश. याच्यात सगळे घाई करतात. ब्रशवर रंग घेतला की जुन्या बनियनच्या फडक्यावर तो पुसायचा, इतका पुसायचा की वाटावं आता ब्रशमधे काही राहिलंच नाही. मग हाताच्या मागच्या बाजूवर फिरवून बघायचा, कातडीच्या रेघांवर नुसती भुकटी उमटली पाहिजे, पट्टा उमटला तर अजून पुसा. त्यानंतर भिंतीवर आडवा, हलका, वीस-तीस वेळा. पहिले पाच-सहा हात काहीच दिसत नाही, आणि तिथेच लोक धीर सोडून परत रंगात ब्रश बुडवतात. सातव्या-आठव्या हाताला कडा उजळायला लागतात, एकेक दगड वर येतो. मला या सगळ्या छंदात हा क्षण सगळ्यात आवडतो, आजही.

आणि जेवढं उजळ बरोबर वाटतं त्याच्यापेक्षा एक पायरी जास्त उजळ करा, रंगवताना दिवा डोक्याशी असतो, खेळताना दिवा छताला असतो.

पुठ्ठा वाकणं

टाइलच्या खाली पुठ्ठा आणि त्याच्या एकाच बाजूला फेविकॉल किंवा रंग, मग तो वाळताना पापडासारखा वळतो. दोन्ही बाजूंना लावा. खाली काही दिसणार नाही म्हणून सोडू नका. अर्धवट वाळला की दोन प्लॅस्टिकच्या कागदांमधे घालून वर वजन, मी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवते. किंवा सरळ ३ मिलिमीटरचा सनबोर्ड घ्या, पाण्यानी वाकत नाही, साइनबोर्डवाल्यांकडे त्याचे कापलेले तुकडे मिळतात.

बाकीच्या पटापट

दिवाळीच्या किल्ल्याची माती, वाळू, सुकं गवत तसंच उचलून टाइलवर चिकटवू नका, पुढच्या पावसाळ्यात बुरशी येते. वाळू धुऊन, कढईत भाजून, गार करून वापरा. समुद्राची असेल तर दोनदा धुवा, मीठ असतं.

एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घ्या आणि जेवढं वीस मिनिटांत वापराल तेवढंच मळा. बोटाला पाणी लावून गुळगुळीत करायचं, तेल नाही, तेलावर रंग धरत नाही.

टाइल जोडायला लोहचुंबक लावत असाल तर चिकटवायच्या आधी सगळ्यांच्या एकाच ध्रुवाच्या बाजूला मार्करनी ठिपका करा, नाहीतर दोन टाइल एकमेकींना ढकलतात आणि चुंबक फोम फाडल्याशिवाय निघत नाही. घरात लहान मूल असेल तर चुंबक लावूच नका. दोन चुंबक पोटात गेले तर आतडी मधे चिमटली जातात, ते फार गंभीर आहे, सुटलेला चुंबक सापडेपर्यंत मी टेबल सोडत नाही.

सगळं भुयार आधीच मांडून ठेवू नका. दार उघडलं की मग पुढची टाइल आणायची. पुढे काय आहे ते दिसत असेल तर दार उघडायला कोण घाबरेल?

एका वीकेंडमधे गेम होईल का? चार टाइल, एक दार आणि पाच सोंगट्या होतील. तेवढंच करा, खेळा, मग पुढच्या वीकेंडला अजून चार. माझ्या अंधारीच्या १८ टाइल आहेत आणि त्यांना वर्ष लागलं, पण दुसऱ्या महिन्यापासून आम्ही ती खेळतोय, अर्धी फोमची आणि अर्धी चार्टपेपरची. थ्रीडी प्रिंटरवर भिंती छापून घेता येतात हे मला माहीत आहे, छापा की, माझी काही हरकत नाही, पण साठ मिलिमीटरची छापलेली भिंतसुद्धा साठ मिलिमीटरचीच असते.

धूर

ही एकच गोष्ट राहिली, आणि ही विचारणारे बरेच आहेत, कारण अंधारीत शेवटी शेगडी पेटते आणि धूर खाली उतरत येतो, योद्ध्यांना त्याच्या आत वरचं दार गाठायचं असतं. धुरासाठी सगळे कापूस घेतात. मीही घेतला होता. ओढून विरळ केलेला कापूस फोटोत अगदी धूर दिसतो, पण तो भाल्याच्या टोकाला अडकतो, तलवारीच्या मुठीत गुंततो, आणि योद्धा उचलला की अख्खा ढग त्याच्याबरोबर वर येतो. शिवाय खालचे चौकोन झाकले जातात, मग कोण कुठे उभा होता यावर भांडणं.

आता मी जुन्या एक्सरेच्या फिल्मचे ढगाच्या आकाराचे तुकडे कापलेत, त्यावर स्पंजनी करडा आणि पांढरा रंग थापटलाय, कडांना जास्त, मधे कमी, म्हणजे खालचा चौकोन अंधुक दिसतो. दर फेरीच्या शेवटी एक तुकडा एक चौकोन पुढे. भाचीचं काम ते, तिला दुसरं काही खेळायचंच नसतं, ती तुकडा ठेवते आणि मोठ्यांदा मोजते किती चौकोन उरले.